धरण भरलं तरी चार दिवसांनी, आटलं तरी पाच दिवसांनी : उजनीच्या कालवा सल्लागार समितीला सोलापुरातून खुलं पत्र

माननीय पालकमंत्री साहेब, जलसंपदा खात्याचे अधिकारी, समितीवरचे आमदार-खासदार आणि महापालिकेकडून बैठकीला जे कोणी येत असतील ते सगळे, नमस्कार.

दरवर्षी उन्हाळा लागला की आमच्याकडे पेपरात पहिल्या पानावर एक आकडा यायला लागतो, उजनी धरण अधिक इतके टक्के, मग काही आठवड्यांनी, उपयुक्त साठा संपून मृतसाठा लागला की, उणे इतके टक्के, आणि तो आकडा बघून लोक ठरवतात की अजून एक बॅरल घेऊन ठेवायचं का. मग कोणाला किती पाणी सोडायचं ते ठरवायला तुमची बैठक लागते. डावा कालवा, उजवा कालवा, भीमा-सीना बोगदा, दहिगावची उपसा सिंचन योजना, ज्याचा त्याचा आमदार ज्याच्या त्याच्या बाजूने भांडतो (भांडायलाच पाहिजे, त्याला त्यासाठीच निवडून दिलंय) आणि बातमीच्या शेवटी एक ओळ असते, "पिण्याच्या पाण्याला प्राधान्य देण्यात येईल". ती ओळ आता आम्हाला पाठ झालीय. हे सगळं पत्र त्या एका ओळीबद्दलच आहे.

2023 ला पाऊस दगा देऊन गेला, उजनी साठ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली. म्हणजे ऑक्टोबरमध्येच सगळ्यांना कळलेलं होतं की पुढचा जून येईपर्यंत ओढाताण होणार. तरी जानेवारी 2024 मध्येच धरण मायनसमध्ये गेलं आणि जूनमध्ये उणे साठच्या जवळ पोचलं. धरणाच्या पोटातलं पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं, लोक गाड्या काढून बघायला गेले, फोटो आले, रील आल्या. इकडे सोलापुरात पाच दिवसाआड पाणी, कुठे सहा दिवसाआड. ठीक आहे, दुष्काळ होता, आम्ही गप्प बसलो. मग ऑगस्ट 2024 मध्ये उजनी शंभर टक्के भरली, भरून वर नदीत पाणी सोडायला लागलं, पंढरपूरला घाटाच्या पायऱ्यांवर पाणी आलं, तुमच्यापैकी काही जणांनी जलपूजन केलं, साडी-चोळी-नारळ सगळं झालं. आणि आमच्या नळाला? चार दिवसांनी. काही ठिकाणी पाचच.

आता मला एवढंच सांगा की जे धरण आटल्यावर आमचं पाणी पाच दिवसांनी येतं आणि भरल्यावर चार दिवसांनी येतं, त्या धरणाच्या टक्केवारीचा आणि आमच्या नळाचा नक्की संबंध काय.

मी काही इंजिनिअर नाही पण हिशोब घालता येतो. सोलापूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाख होती, आता सरळ दहा लाख धरा. माणशी दिवसाला 135 लिटर हे शहरासाठी सरकारचंच माप आहे. म्हणजे दिवसाला साडेतेरा कोटी लिटर, वर्षाला चार हजार नऊशे कोटी लिटरच्या आसपास. एक टीएमसी म्हणजे 2831 कोटी लिटर. भागाकार करा, पावणेदोन टीएमसी येतं. अख्ख्या शहराला, वर्षभर, रोज. गळती धरून डबल करा, साडेतीन. उजनीची पूर्ण क्षमता 117 टीएमसी आहे, त्यातलं 53.57 उपयुक्त आणि 63.66 मृतसाठा, म्हणजे तळातलं, एरवी वापरात न धरलेलं पाणी. आणि उणे साठ टक्के म्हणतात ते उपयुक्त साठ्याच्या साठ टक्के, म्हणजे मृतसाठ्यातलं बत्तीसेक टीएमसी उपसून झालेलं. तरी खाली कागदावर एकतीस टीएमसी उरतंच. त्यात गाळ किती हा वेगळा विषय, गाळ भरपूर आहे, पण अर्धा गाळ धरला तरी शहराची चार वर्षांची तहान त्या "आटलेल्या" धरणात होती. दुबार पंपिंग करा, तिबार पंपिंग करा, पंप तरंगते लावा, खर्च येतो मान्य, पण पाणी नव्हतं असं कृपा करून म्हणू नका. पाणी होतं. आमच्यापर्यंत यायची सोय नव्हती, आणि ती धरण भरल्यावरही नव्हती.

टक्केवारीची भीती घालायची सवय सगळ्यांनाच सोयीची झालीय असं माझं मत आहे. उणे झालं की कोणी प्रश्न विचारत नाही, सगळे आभाळाकडे बघतात.

आता नदीचा विषय, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. सोलापूरला पाणी तीन ठिकाणांहून येतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं. एक उजनीवरून थेट पाइपलाइन, 110 किलोमीटर, ते पाणी पाकणीला शुद्ध होतं. दुसरं हिप्परग्याचा एकरुख तलाव, इंग्रजांच्या काळातला, त्याचं पाणी भवानी पेठेत येतं. आणि तिसरं टाकळी. टाकळीचं पाणी म्हणजे काय, तर उजनीचे दरवाजे उघडून भीमेत पाणी सोडायचं, ते पंढरपूर करत, वळणं घेत, दोनशे किलोमीटरच्या वर वाहत वाहत पार कर्नाटकाच्या सीमेला औजच्या बंधाऱ्यात पोचवायचं, तिथून चिंचपूरच्या बंधाऱ्यात, आणि मग तिथून पंप करून परत उलटं सोरेगावच्या शुद्धीकरण केंद्रात आणायचं. जे धरण शहराच्या वायव्येला आहे त्याचं पाणी शहराला वळसा घालून दक्षिणेला नेऊन मग उत्तरेला वर चढवायचं. पाणी पोचायला आठवडाभर लागतो. उन्हाळ्यात कोरड्या वाळूतून चाललेलं पाणी, वाळू आधी तिचं पिते, मग ऊन पितं, मग दोन्ही काठांच्या मोटारी. एका वेळेला पाच-सहा टीएमसी सोडायचं तेव्हा कुठे बंधारे भरतात, आणि बंधारे भरले म्हणजे शहराच्या वाट्याला एक टीएमसीसुद्धा येत नाही.

आणि ही पाच-सहा टीएमसी कोणाच्या नावावर लिहिली जाते? सोलापूर शहराच्या. मग माढ्यातला, करमाळ्यातला शेतकरी पेपर वाचतो आणि म्हणतो बघा सोलापूरवाले किती पाणी पितात, आमची पिकं जाळून. त्याचं काय चुकलं, त्याला आकडाच तसा दाखवला जातो. नदीकाठच्या लोकांना पाणी नको असं मी अजिबात म्हणत नाहीये. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला सगळ्यांच्या पाणी योजना त्या नदीवर आहेत, काठच्या शेतकऱ्याची उभी पिकं आहेत, जनावरं आहेत, त्यांनाही पाणी लागतं आणि त्यांनी ते घ्यावं. पण मग त्यांच्या नावाने सोडा ना. त्यांच्या नावाने आवर्तन (ठरवून पाणी सोडायची पाळी) लावा, किती कोणी घेतलं ते मोजा. आमच्या नावावर सोडायचं, मग नदीकाठची वीज तोडायची म्हणजे मोटारी चालणार नाहीत, मग त्यावरून मोर्चे, आणि दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना शिव्या घालायच्या. बिल आमच्या नावावर फाडायचं बंद करा एवढंच म्हणणं आहे.

तुम्ही म्हणाल की त्यासाठीच समांतर जलवाहिनी केली. हो, माहीत आहे. 170 एमएलडीची, म्हणजे दिवसाला 17 कोटी लिटरची, 110 किलोमीटरची. ही जलवाहिनी आम्ही पाइपातून कमी आणि भाषणातून जास्त बघितलीय. मंजूर झाली, थांबली, खर्च वाढला, परत सुरू झाली, मध्ये दोन-तीन निवडणुका होऊन गेल्या. आनंदच आहे तिचा. पण पाणी पाकणीपर्यंत आलं म्हणजे कुचन नगरच्या नळाला आलं असं होत नाही हो. मध्ये टाक्या लागतात, टाक्यांपासून पुढे लाइन लागते, आणि आमच्या गल्ल्यांतली लाइन आजोबांच्या काळातली आहे, हद्दवाढीत तर काही ठिकाणी धड लाइनच नाही. 1992 ला हद्दवाढ झाली, त्या वर्षी जन्मलेल्या पोरांची लग्नं होऊन त्यांची पोरं शाळेत जायला लागली, अजून गावठाणाला एक रोटेशन आणि हद्दवाढीला वेगळं. तेव्हा समांतर जलवाहिनीचं उद्घाटन म्हणून जो काही मंडप घालाल त्यात एवढं सांगा की शहरातल्या आतल्या लाइनीचं काय, किती टाक्या, कुठल्या पेठेत, कधी. त्याच्याशिवाय जास्तीचं पाणी आलं तरी ते रस्त्याच्या मधोमध फुटून वाहणार, ते आम्ही आत्ताही बघतो.

पाच दिवसाआड पाणी म्हणजे काय हे बैठकीत बसणाऱ्यांना कळावं म्हणून थोडं घरातलं सांगते. वर्षातून सत्तर ते नव्वद दिवस आमच्याकडे पाणी येतं. पाणीपट्टी वर्षाची. पाणी यायच्या दिवसाला आमच्यात "पाण्याचा दिवस" म्हणतात, त्या दिवशी बाकी काही ठरवायचं नाही. पाहुण्यांना बोलवायचं नाही, दवाखान्याची अपॉइंटमेंट घ्यायची नाही, लग्न असेल तर घरातलं एक माणूस मागे राहणार. वेळ पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला ठाऊक, आणि त्यालाही वरून फोन आला तरच ठाऊक. कधी पहाटे तीनला, कधी दुपारी बाराला. पाइपलाइन फुटली, लाइट गेली, पंप बिघडला की अख्खं रोटेशन एक दिवस पुढे, म्हणजे पाचाचा सहावा दिवस.

आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. पूर्व भागात असं दर दोन-तीन घराआड एक घर आहे. हजार विड्यांवर मजुरी असते, सूप मांडीवर घेऊन सकाळपासून बसलं तर दिवस भरतो. पाणी दुपारी आलं की तो दिवस गेला, कारण बॅरल, हौद, घागरी, बिंदग्या, पातेली, कुकरसुद्धा, सगळं भरायचं, वरच्या मजल्यावर चढवायचं, प्रेशर नसतं म्हणून खड्डा करून त्यात उतरून नळाला पाइप लावायचा. त्या म्हणतात, "पाणी फुकट नाय ओ, माझी अर्ध्या दिवसाची मजुरी दिली की एक बॅरल येतंय." हा पैसा तुमच्या कुठल्याच हिशोबात नाही. यंत्रमागावर जाणाऱ्याचा खाडा, धुणंभांडी करणारीचा खाडा, हे जर कोणी मांडलं तर त्यात अंतर्गत लाइनीचा निम्मा खर्च निघेल असं मला वाटतं.

आणि वर प्यायला जार. वीस लिटरचा जार घराघरात येतो, गरीब घरातपण येतो, कारण पाच दिवसाचं साठवलेलं पाणी लहान पोरांना द्यायची भीती वाटते. डेंग्यूचे दिवस आले की आरोग्य खात्याची माणसं येतात, टॉर्च मारून बॅरलमध्ये बघतात, अळ्या सापडल्या की रागावतात आणि सांगतात आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून सुकवा. बरोबरच सांगतात, डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच होतो. पण एक खातं सांगणार पाच दिवसाचं साठवा, दुसरं सांगणार साठवू नका, मग मधल्या मध्ये आम्ही कोणाचं ऐकायचं? गंमत म्हणजे आमच्यात कोरडा दिवस वेगळा पाळावा लागत नाही, पाचव्या दिवशी संध्याकाळी तो आपोआपच असतो.

पाणी जपून वापरा हे सांगायला बोर्ड लावता, रिक्षा फिरवता. सोलापूरच्या बाईला पाणी जपून वापरायला शिकवणं म्हणजे जरा जास्तच झालं. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, कपड्याचं शेवटचं पाणी संडासला, फरशी पुसायची ती पण त्यातच, हे आमच्याकडे कोणी पर्यावरणवाल्याने येऊन सांगितलेलं नाही. आणि मोटारी जप्त करता त्याबद्दलही एक बोलते. नळाला थेट मोटार लावू नये, लावली की पुढच्या घराला पाणी जात नाही, शंभर टक्के मान्य. पण मोटार लावतो कोण, ज्याला माहीत आहे की आता भरलं नाही तर पाच दिवस नाही. रोज तासभर पाणी येतंय अशी खात्री असेल तर मोटारीचं लाइट बिल कोण भरेल? जप्तीची गाडी आली की गल्लीतली सगळी पोरं मोटारी उचलून गादीखाली लपवतात आणि गाडी गेली की परत लावतात, याच्यातून आजवर पाणी किती वाचलं ते एकदा सांगा.

बंधनं घालायचीच असतील तर मोठ्या वापराला घाला. मला ऊस शेतकऱ्याशी भांडायचं नाही, माझं माहेर त्याच पट्ट्यातलं आहे, उसाला हमखास पैसा आहे आणि ज्वारीला नाही म्हणून ऊस लावला जातो, त्यात लावणाऱ्याचा दोष कमी. पण राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्याच्या शहराला पाचव्या दिवशी पाणी, हे लिहितानाच कसंतरी वाटतं. धरण बांधलं तेव्हा, 1980 ला पूर्ण झालं, आठमाही पिकांचं बोलणं होतं ना? मग बारा महिने उभ्या राहणाऱ्या पिकाला आवर्तन देताना ठिबक आहे का नाही एवढं तरी बघा. आणि धरणाच्या पाणीपसाऱ्यात बॅकवॉटरला लागलेल्या मोटारी किती, त्या किती उपसतात, याची मोजणी पेपरात येऊ दे एकदा. आमच्या अर्ध्या इंची नळाची मोजणी करायला मीटर लावायचं म्हणता, लावा, खुशाल लावा, पण मोठ्या पाइपापासून सुरुवात करा.

पुण्याचं थोडक्यात सांगते, नाहीतर पत्र संपणार नाही. आमची पोरं शिकून पुण्याला जातात, तिकडे रोज पाणी वापरतात, आणि ते वापरलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत आमच्यासाठी येतं. उन्हाळ्यात धरण उतरलं की हिरवा तवंग येतो, वास येतो, पाकणीला औषध जास्त मारावं लागतं. समितीत पुण्याच्या सांडपाण्याचा विषय घ्यायचा अधिकार तुम्हाला आहे की नाही याच्याशी आम्हाला घेणं नाही, पण जे पाणी तुम्ही टीएमसीत वाटता ते कसलं आहे हेही टीएमसीच्या शेजारी लिहा.

आता मागणं काय ते सरळ सांगते. 15 ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे त्यावर वर्षाचं नियोजन होतं. त्या दिवशी पहिल्यांदा पिण्याचं पाणी टीएमसीत वेगळं काढा, शहराचं वेगळं, पंढरपूर-सांगोला-मंगळवेढ्याचं वेगळं, गावांच्या योजनांचं वेगळं, बाष्पीभवनाचं वेगळं, आणि पुढच्या 15 जुलैपर्यंत त्याला हात लावायचा नाही. घरात पगार आला की किराणा आणि भाडं आधी बाजूला निघतं, मग बाकीच्याचं भांडण. तुमच्याकडे उलटं चालतं, आधी आवर्तनं वाटून होतात आणि मे महिन्यात उरलेल्यावर प्राधान्य लिहिलं जातं. राज्याच्या जलनीतीत पिण्याचं पाणी पहिलं आहे, त्यासाठी नवीन कायदा लागत नाही, फक्त वहीत ओळ वर घ्यायची आहे.

दुसरं, पाइपलाइनमधून शहराची गरज ज्या दिवशी भागेल त्या दिवसापासून नदीतून "सोलापूरसाठी" पाणी सोडणं बंद, आणि तोपर्यंत प्रत्येक वेळी किती सोडलं, औजला किती पोचलं, मध्ये कोणी किती घेतलं हे तिन्ही आकडे जाहीर करा. पोचलेला आकडा लाजिरवाणा असेल तरी करा.

तिसरं महापालिकेला. रोज पाणी देता येत नाही हे आम्हाला कळतं, उद्यापासून रोज द्या असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. आधी दोन दिवसाआड करा, पण वेळ पाळा. पेठवार, झोनवार वेळापत्रक लावा, बदल झाला तर आदल्या रात्री मेसेज टाका. सिलेंडरचा मेसेज येतो, लाइट जाणार असेल तर मेसेज येतो, पाण्याचाच का येत नाही? पहाटे तीनला यायचं असेल तर तीनला येऊ दे, आम्ही उठतो, आमची त्याला ना नाही, पण तीन म्हणजे तीन. हे करायला धरणात एक थेंबसुद्धा वाढावा लागत नाही.

आणि बैठकीचं इतिवृत्त मराठीत, लोकांना वाचता येईल असं, वेबसाइटवर टाका. आत्ता आम्हाला बैठकीत काय झालं ते कुठल्या तरी नेत्याच्या पीएने टाकलेल्या व्हॉट्सअॅप पोस्टवरून कळतं, त्यात त्या नेत्यानेच पाणी आणलेलं असतं.

पुढच्या बैठकीला पाणी वापरणाऱ्यांमधून, म्हणजे फक्त कालव्यावरच्या पाणीवापर संस्थांमधून नाही तर शहरातल्या नळधारकांमधूनही दोन माणसं बोलवा. त्यातली एक बाई असू दे, शक्यतो पूर्व भागातली. तारीख आधी कळवा, पाण्याचा दिवस नसेल तर नक्की येऊ.

कळावे,
पूर्व भागातली एक नळधारक,
सोलापूर